सदाफुलीचे औषध

अंगणातली सदाफुली तुमच्या ओळखीचीच आहे. तिचा काढा मधुमेहावर देतात असे कळल्यावरून कॅनडात नोबल आणि बीअर यांनी तिचा अर्क उंदरांना टोचून पाहिला. साखर काही उतरली नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र घटल्या! त्यातूनच १९५८ साली व्हिन्ब्लास्टिन हाती आले, मागोमाग व्हिन्क्रिस्टिन. पेशीची दोन शकले होताना आत बारीक धाग्यांची जुळणी व्हावी लागते. ही औषधे ती होऊ देत नाहीत; अर्ध्यावर अडकलेली पेशी मग मरते. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिन्क्रिस्टिन इतर औषधांबरोबर आजही देतात. पण म्हणून घरी काढा उकळू नका हं! निरोगी पेशींना आणि मज्जातंतूंनाही त्याची झळ लागते. मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. सदाफुली देवाला वाहा. रोग्याला मात्र वेळेवर इस्पितळात न्या.