इलेक्ट्रिक सायकलचे टायर निवडताना

डांबरी रस्ता आणि कच्ची वाट, दोन्हींवर इलेक्ट्रिक सायकल चालवायची असेल, तर आधी टायर पाहा. मध्यभागी जवळजवळ सपाट आणि कडांना ठळक नक्षी असलेला, सुमारे 2 इंच रुंदीचा टायर दोन्हीकडे चालतो. डांबरावर बॅटरी वाचते, मातीत पकड मिळते. त्याहून रुंद टायर घेण्यापूर्वी रिम आणि मडगार्डमधली जागा तपासा. हब मोटर (चाकाच्या मध्यातली मोटर) असलेलं चाक काढणं किचकट असतं, म्हणून पंक्चररोधक थर असलेलाच टायर बरा. हवा टायरवर छापलेल्या मर्यादेतच भरा; कच्च्या वाटेवर थोडी कमी ठेवा. अशा सायकलचं वजन जास्त असल्याने ब्रेक पॅड वेळेवर बदला. मोटरची ताकद मात्र वाढवू नका. 250 वॅट किंवा ताशी 25 किलोमीटरची मर्यादा ओलांडली, की ती सायकल कायद्याने मोटार वाहन ठरते.