‘कावल’ : पोलिसांसाठी योजिले जाणारे शब्द



चेन्नईतील तिरुवल्लिकेणी या जुन्या वस्तीत पोलीस ठाण्याला ‘कावल निलैयम्’ म्हणतात. ‘निलैयम्’ म्हणजे स्थान आणि ‘कावल’ म्हणजे राखण. राखणीचे स्थान, असा त्याचा सरळ अर्थ. तेथे काम करणाऱ्या माणसाला मात्र एकच नाव नसते. शासनाने दिलेले एक, समोर आल्यावर हाक मारण्याचे दुसरे, आणि पाठ वळल्यावर उच्चारले जाणारे तिसरे. या तीन नावांत जेवढे अंतर, तेवढेच अंतर पोलीस आणि नागरिक यांच्यामध्ये असते.

तिरुवल्लिकेणीत पार्थसारथीचे प्राचीन मंदिर आहे, 1795 साली उभी राहिलेली वालाजाह मशीद आहे, आणि अर्काटच्या नबाबांचा चेपॉक राजवाडाही जवळच आहे. या परिसराच्या भाषेत तमिळ, फारसी आणि इंग्रजी असे तिन्ही थर आढळावेत, हे स्वाभाविकच होय. फारसी राज्यव्यवहारातून आलेला ‘कोतवाल’ हा शब्द शहराच्या उत्तर भागातील ‘कोत्तवाल चावडी’ या बाजारपेठेच्या नावात उरला. 1996 साली तेथील भाजीपाल्याचा घाऊक व्यापार कोयंबेडू येथे गेला. नाव मात्र जुन्या जागीच राहिले.

महाराष्ट्रात याच शब्दाला वेगळे दैव लाभले. पेशवाईत पुण्याचा कोतवाल हा मोठा अधिकारी होता. घाशीराम कोतवालाचा जमावाने 1791 साली अंत केला, यावरून त्या पदाची सत्ता आणि तिच्याविषयीचा रोष या दोहोंची कल्पना येते. पुढे तेच पदनाम खेडेगावातील महसूल खात्याच्या अगदी खालच्या सेवकाकडे आले. शिवकाळात किल्ल्याचा मुख्य अधिकारी असलेला ‘हवालदार’ही असाच खाली उतरला, आज साध्या शिपायालाही लोक हवालदार म्हणतात. पदाची सत्ता सरली तरी शब्द मरत नाही. तो दुसऱ्याच्या अंगावर चढतो.

मद्रास इलाख्यातील पोलीस दलाची आधुनिक घडी 1859 च्या कायद्याने बसली. तिच्याबरोबर आलेल्या इंग्रजी शब्दांना लोकांनी आपल्या उच्चारांचे वळण दिले. ‘हेड कॉन्स्टेबल’ मधील ‘हेड’ चे ‘एट्टु’ झाले. त्याला ‘अय्या’ जोडून ‘एट्टय्या’ ही आदराची हाक तयार झाली. या हाकेत आदर किती आणि धास्ती किती, हे हाक मारणाराच जाणे.

तमिळ भाषेत आदर शब्दाच्या शेवटी असतो. ‘पोलीसकारन्’ म्हटले तर तो एकेरी उल्लेख. ‘पोलीसकारर्’ म्हटले तर मानाचा. मराठीत ‘पोलीस आला’ आणि ‘पोलीस आले’ यांत जो भेद, तोच येथे एका व्यंजनात सामावलेला आहे. शासनाने शिपायासाठी ‘कावलर’ हा शब्द स्वीकारला, त्यात हा मानाचा प्रत्यय आहे. शिवाय तो स्त्री आणि पुरुष दोघांनाही लागू पडतो. तिरुवल्लिकेणीपासून फार दूर नसलेल्या थाउजंड लाइट्स भागात 1992 साली तमिळनाडूतील पहिले महिला पोलीस ठाणे सुरू झाले, तेव्हा तेथील शिपायांसाठी नवा शब्द घडविण्याची गरज पडली नाही.

परंतु ‘कावल’ हा शब्द वाटतो तितका निरुपद्रवी नाही. कंपनी सरकारच्या पूर्वी दक्षिण तमिळ प्रदेशात कावल ही गावराखणीची वंशपरंपरागत व्यवस्था होती. महाराष्ट्रातील रामोशांच्या रखवालीशी तिचे साम्य होते. गावाने मोबदला द्यावा, राखणदाराने चोरीचा माल शोधावा किंवा भरपाई करावी, असा हा करार असे. मोबदला थांबला की राखणदारच चोरी करवितो, अशी तक्रार इंग्रज अधिकारी करीत.

आजही या शब्दाला दोन अर्थ आहेत. ‘कावल’ म्हणजे रक्षण, आणि ‘कावल’ म्हणजेच कोठडी. कवी सुब्रह्मण्य भारती यांनी आपले अखेरचे दिवस तिरुवल्लिकेणीत काढले व 1921 साली तेथेच देह ठेवला. पाँडिचेरीहून इंग्रजी हद्दीत येताच 1918 साली कडलूर येथे त्यांना अटक झाली होती. त्यांच्या वाट्याला ‘कावल’ आली ती या दुसऱ्या अर्थाने.

‘पोलीस तुमचा मित्र’ हे तमिळनाडू पोलिसांचे ब्रीद सर्वांना परिचित आहे. जून 2020 मध्ये तुत्तुकुडी जिल्ह्यातील सात्तानकुळम् येथे टाळेबंदीतील दुकानाच्या वेळेवरून एका पिता-पुत्रास अटक झाली. ठाण्यात त्यांना अमानुष मारहाण झाल्याचे केंद्रीय अन्वेषण विभागाने आरोपपत्रात नमूद केले. न्यायालयीन कोठडीत असतानाच दोघांचाही मृत्यू झाला. त्या कोठडीचे तमिळ नावही ‘कावल’च.

शासन पदनाम बदलू शकते, त्याला मानाचा प्रत्ययही जोडू शकते. त्या शब्दाचा कोणता अर्थ लोकांच्या मनात आधी उमटावा, हे मात्र ठाण्याच्या आत घडणाऱ्या व्यवहारावरच ठरते.