गाऱ्हाणे ऐकावे कसे
(वर्धापनदिनी झालेले भाषण)



१९९८ साली वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला. त्यानंतर काही वर्षांनी मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका झाले. एका मासिक सभेत एक सेविका म्हणाली, "मॅडम, रजिस्टरं लिहिता लिहिता लेकराइकडे पाहाले येळच राहत नाही." मी तिला फटकारले, "गाऱ्हाणी नकोत, माहिती द्या."

पुढल्या सभेत सगळ्या गप्प. मला वाटले, शिस्त लागली! दोन महिन्यांनी तिच्या गावी गेले, तो वजनकाटा बिघडलेला. एक मूल वाळत चालले होते आणि कागदावर त्याचे वजन ठीक दिसत होते. "सांगितले का नाही?" असे विचारताच ती खाली पाहून म्हणाली, "तुमीच म्हणलं होतं, गाऱ्हाणं नको."

मूल वेळेवर दवाखान्यात पोचले आणि सुधारले. ते माझे दैव. त्यात माझी हुशारी नव्हती. गाऱ्हाण्याचे दार लावले की बातमीचेही लागते, हे मी त्या दिवशी शिकले.

मग सभेचा पहिला अर्धा तास बोलण्यासाठी राखून ठेवला. नियम दोनच. बोलणे कामाविषयी असावे, कोणा बाईविषयी नसावे; आणि बोलणारीला मध्ये कोणी तोडू नये. ऐकलेले वहीत तीन भागांत लिहीत असू: आपण करू ते, मी करीन ते आणि वर कळवायचे ते. पुढली सभा त्याच वहीने सुरू होई. जे झाले नाही, तेही मी स्पष्ट सांगत असे.

आपल्या आज्या जात्यावर मन मोकळे करीत. हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आहेत. परंतु ओवीने मन हलके झाले, तरी जाते जडच राहिले. म्हणून नुसते ऐकणे पुरत नाही. ओझेही उतरावे लागते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले. फोन चालत नाहीत, पोषण ट्रॅकर इंग्रजीत आहे, ही त्यांची तक्रार होती. एकटीचे ऐकले जात नाही, तेव्हा साऱ्याजणींना एकत्र यावे लागते.

भगिनींनो, आपल्यापैकी कोणी दुकान चालविते, कोणी बचत गटात पापड करविते. हाताखालची बाई कुरकुरली, तर घटकाभर काम बाजूला ठेवून तिचे ऐका आणि उत्तर कोणत्या दिवशी देणार ते सांगा. तो दिवस मात्र चुकवू नका.