दोन लाईनी, एक फायरवॉल आणि शेवटची तारीख

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की दुकानात किंवा क्लासमध्ये दोन कंपन्यांचं नेट घेतलंय, एक गेलं की दुसऱ्यावर आपोआप कसं जायचं? आज तेच सांगतो. पण आधी सांगून टाकतो, पहिल्यांदा हे काम मी केलं तेव्हा ते चुकलं होतं, आणि चूक कळायला मला चार महिने लागले.

मी नंदुरबार जिल्ह्यात नेटवर्किंगची कामं करतो. नंदुरबार, शहादा, तळोदा, कधी अक्कलकुवा, धडगाव. शहाद्याला माझ्या ओळखीच्या एका भाऊंचं केंद्र आहे. पुढे ऑनलाइन फॉर्म भरायचं काम, मागे कॉम्प्युटर क्लास. पंधरा-सोळा मशीन. नेट गेलं की त्यांचा फोन यायचा, "नेट बंद पडी गयं ना भो!" त्यांनी शेवटी वैतागून दुसऱ्या कंपनीची लाईन घेतली. एक शंभर एमबीपीएसची, एक पन्नासची. आणि दोन्ही एकत्र करून दे म्हणाले.

मी एक जुना डेस्कटॉप घेतला, त्यात इंटेलचं चार पोर्टचं जुनं कार्ड बसवलं आणि पीएफसेन्स टाकलं. फुकट मिळतं, जुन्या मशीनवर चालतं. पहिली अडचण अगदी साधी होती. दोन्ही कंपन्यांच्या मोडेमचा पत्ता एकच, १९२.१६८.१.१. फायरवॉलला दोन्ही बाजूंना एकच नेटवर्क दिसलं की तो गोंधळतो, कुठलं पॅकेट कुठे पाठवायचं ते त्याला कळत नाही. एका मोडेममध्ये जाऊन पत्ता १९२.१६८.२.१ केला. तुमच्याकडे 'दुसरी लाईन जोडली आणि सगळंच बंद पडलं' असं झालं असेल, तर आधी हे बघा.

मग गेटवे ग्रुप. 'सिस्टीम'मध्ये 'राउटिंग'मध्ये जायचं. तिथे प्रत्येक लाईनला एक टियर देतात. एक लाईन टियर एक, दुसरी टियर दोन, म्हणजे पहिली जिवंत असेपर्यंत सगळं तिच्यावरून जाणार, ती मेली की दुसरीवर. हे झालं फेलओव्हर. दोन्हींना टियर एक दिलं की काम वाटलं जातं, ते लोड बॅलन्सिंग. भाऊंना अर्थातच दुसरं हवं होतं. "दोघांचे पैसे भरतो, दोघं वापर." बरोबर आहे. शंभर आणि पन्नास असल्यामुळे वजन दोनास एक ठेवलं.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. शंभर अधिक पन्नास म्हणजे दीडशेचा स्पीड, असं होत नाही. वाटणी कनेक्शनची होते. एक मोठी फाईल तुम्ही एकाच कनेक्शनवर उतरवताय तर ती एकाच लाईनवरून येणार. पंधरा पोरं एकदम बसली की मात्र फरक कळतो.

केबल लावल्या, नियम लावले. मग भाऊंसमोर ऐटीत पहिल्या लाईनची केबल उपसली. व्हिडिओ क्षणभर अडकला, पुन्हा चालू. दुसरी उपसली, तेच. चहा झाला, पैसे घेतले, मी घरी.

चार महिने काही नाही. मग शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख आली. आपल्याकडे त्या दिवशी केंद्रावर काय गर्दी असते ते तुम्हाला माहीत आहे. धडगावकडून पोरं-पोरी सकाळच्या एसटीने घाट उतरून येतात, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, मार्कशीट. आधारचा ओटीपी लागतो, म्हणून कुणी वडिलांचा फोन घेऊन आलेलं असतं. हा तोच जिल्हा, जिथे टेंभलीला २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले.

दुपारी अडीचला फोन. अर्धी मशीन चालू, अर्धी बंद, आणि थोड्या वेळाने चालू असलेली बंद. मी तेव्हा नंदुरबारला होतो. फोनवरून विचारलं, फायरवॉलचा स्क्रीन काय दाखवतो? दोन्ही लाईनी हिरव्या. म्हटलं मग नेट आहे, साइटवर लोड असेल. भाऊ म्हणाले, "तू ये."

पोचायला तास गेला. आणि तिथे बसल्यावर पाच मिनिटांत कळलं. गेटवे जिवंत आहे की नाही हे ओळखायला फायरवॉल सतत एका पत्त्यावर पिंग पाठवत असतो. तो पत्ता आपण दिला नाही तर तो समोरच्या गेटवेलाच पिंग करतो. माझा गेटवे कोण? टेबलावरचा मोडेम! बाहेर रस्त्यावर फायबर तुटली तरी मोडेम मजेत उत्तर देतोय, 'मी आहे, मी आहे'. म्हणून लाईन हिरवी. आणि तीनातली दोन कनेक्शनं त्या मेलेल्या लाईनवर जातायत. लोड बॅलन्सिंग नसतं, एकच लाईन असती, तर निदान लाईन गेली हे तरी सगळ्यांना लगेच कळलं असतं.

मी चाचणी घेतली ती केबल उपसून. केबल आपोआप कधी उपसली जाते? लाईन जाते ती बाहेर, कुठेतरी कोसभर लांब. चाचणी तिथली घ्यायला हवी होती. आता मी मोडेमच्या मागची पिवळी फायबर काढतो आणि फायरवॉलची केबल तशीच ठेवतो.

मेलेली लाईन हाताने बंद केली, काम सुरू झालं. पण तोवर साडेचार वाजले होते. दोन मुली शेवटच्या एसटीसाठी उठून गेल्या, त्यांचा फॉर्म अर्धाच राहिला. पुढे तारीख वाढली आणि त्या परत आल्या, पण त्या संध्याकाळी हे कुणालाच माहीत नव्हतं. त्या निघताना माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या, त्यांना काय माहीत बिघाड कोणाचा.

दुसऱ्या दिवशी सगळं नीट केलं. एका लाईनचा मॉनिटर पत्ता ८.८.८.८, दुसरीचा १.१.१.१. दोन्हींना वेगळा द्यावाच लागतो, कारण त्या पत्त्याचा रस्ता त्या लाईनशी बांधला जातो. ग्रुपच्या ट्रिगरमध्ये फक्त 'मेंबर डाऊन' न ठेवता पॅकेट लॉस धरला. आपल्याकडे लाईन पूर्ण मरण्याआधी तासभर आजारी असते, निम्मी पॅकेटं खाते. लॅनच्या नियमात 'ॲडव्हान्स्ड' उघडून गेटवे म्हणून ग्रुप निवडायचा, हे लोक विसरतात. नुसता ग्रुप बनवून काही होत नाही. आणि डीएनएस. फायरवॉल स्वतः नावं शोधायला डिफॉल्ट गेटवे वापरतो, तो मेला तर लाईन असूनही साइट उघडत नाही. म्हणून डिफॉल्ट गेटवेलाही फेलओव्हरचा ग्रुप लावला.

आणि वाटणी कमी केली. बँकेच्या किंवा सरकारी साइटवर लॉगिन एका लाईनवरून आणि पुढचं पान दुसऱ्या लाईनवरून गेलं, तर साइटला वेगळाच पत्ता दिसतो आणि कधी कधी ती बाहेर काढते. 'स्टिकी कनेक्शन्स' चालू केलं की बराच फरक पडतो. पण मी पुढच्या काउंटरची पाच मशीन सरळ फेलओव्हरवरच टाकली. मागच्या क्लासची पोरं आणि विंडोजचे अपडेट वाटणीवर.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण पावसाळ्याच्या तोंडावर दोन्ही लाईनी एकाच मिनिटाला लाल झाल्या. या वेळी फायरवॉल खरं बोलत होता. रस्त्याच्या कामावर जेसीबी चालला होता, आणि दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळी बिलं, पण केबल एकाच बाजूच्या चरातून! हे छोट्या गावातच होतं असं समजू नका. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन केबल एकाच दिवशी निकामी झाल्या आणि अख्ख्या भारताचं नेट मंदावलं होतं.

मग तिसरी, ४जी सिमची लाईन घेतली, टियर तीनला. सिम निवडताना स्पीड बघितला नाही. कुठल्या टॉवरवर गोल डबे, म्हणजे मायक्रोवेव्हचे अँटेना आहेत ते बघितलं. टॉवरलाही नेट कुठून तरी येतंच ना! तो त्याच चरातल्या फायबरवर असेल तर आपल्याला काय उपयोग. लाईन देणाऱ्या पोराला चहा पाजून विचारा, तो सांगतो. पिंग दर अर्ध्या सेकंदाला जात असतो, महिनाभरात सिमचे काहीशे एमबी त्यातच जातात, म्हणून तो पाच सेकंदांवर नेला. ४जीवर स्वतःचा पब्लिक पत्ता सहसा मिळत नाही, त्यामुळे भाऊंना घरून कॅमेरे दिसत नाहीत. त्यांची त्यावरून अजून कुरकुर असते.

एक राहिलंच. दोन्ही मोडेम इन्व्हर्टरवर घेतलेत का? भाऊंकडे फायरवॉल होता आणि एक मोडेम होता. दुसऱ्याचा प्लग पंख्याच्या बोर्डात होता, लाईट गेली की तोही जायचा. ते मला कळलं केव्हा, तर झाडूवाल्या मावशींनी सांगितलं तेव्हा.

पुढच्या भागात मायक्रोटिकवर हेच कसं करायचं ते बघू. तुमच्या मोडेमचा पत्ता बदलताना अडलात तर मॉडेल नंबरसकट कळवा, नुसता 'होत नाहीये' असा निरोप पाठवू नका.