समुद्रतळाच्या गाळातला वायू

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली सावित्री पोलादपूर, महाड ओलांडून बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. पावसाळ्यातलं तिचं तांबूस पाणी आपण पाहतोच. त्यात माती असते, तसा कुजलेला पालापाचोळाही असतो. कोकणातल्या सगळ्या नद्या हेच करत आल्या आहेत.

किनाऱ्याजवळच्या उथळ समुद्रात हा गाळ थरावर थर साचतो. वरच्या थरांखाली प्राणवायू पोहोचत नाही. तिथले जिवाणू आधी समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात. ते संपलं की त्याखाली मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांचं राज्य सुरू होतं. तळ्यातला चिखल काठीनं ढवळला की बुडबुडे येतात, तोच हा वायू.

तो शोधतात आवाजानं. जहाजावरून सोडलेल्या ध्वनिलहरी गाळातल्या बुडबुड्यांवर विखुरतात आणि खालचे थर नोंदीत दिसेनासे होतात. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी अशाच नोंदींवरून पश्चिम किनाऱ्याजवळच्या गाळात वायू असल्याचं दाखवलं. मुंबई हाय तेलक्षेत्राच्या खोल खडकांतला वायू वेगळा. त्यामानानं हा अगदी वरचा, काही मीटर किंवा काही दहा मीटर खोलीवरचा.

म्हणूनच त्याची दखल घ्यायला हवी. वायूमुळे गाळाची ताकद कमी होते. तेलविहिरीच्या फलाटाचे पाय रोवण्याआधी किंवा समुद्राखालून वाहिनी टाकण्याआधी हे सर्वेक्षण टाळणं धोक्याचं. शिवाय मिथेन हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त उष्णता धरतो. सुदैवानं, वर येणारा बराचसा मिथेन गाळातलेच दुसरे सूक्ष्मजीव वाटेत फस्त करतात.