फोमची गादी आणि रसायनशास्त्र



आदिलाबाद हा कापसाचा मुलूख. पिंजाऱ्याने पिंजली की जुनी गादी नवी होई. अखेर फाटली तरी मातीस मिळे. आता घरोघरी फोम, म्हणजे पॉलियुरेथेन. जर्मनीत ओटो बायर यांनी १९३७ साली शोधलेले हे द्रव्य सहजी कुजत नाही. जाळावे तर धूर विषारी.

त्याच्या रेणूंच्या साखळीत पाण्याने तुटणारे एस्टरचे दुवे घातले तर ते कुजू लागते. असे दुवे किती, यावर त्याचे आयुष्य ठरते. मऊपणाही हवा तसा राखता येतो. दुवे बटणासारखे नेमके जोडणाऱ्या ‘क्लिक’ रीतीस २०२२ चे नोबेल मिळाले. एरंडेल तेलही यास चालते, आणि एरंडी तर तेलंगणातच पिकते!

आम्ही शिक्षक विश्वस्तांकडे एवढेच मागतो: शिष्यवृत्ती देताना डॉक्टरी-इंजिनियरिंगच्या अर्जांबरोबर रसायनशास्त्राच्या मुलामुलींचाही अर्ज वाचावा.