टाळ्या थांबल्यावर



झाशीत मराठीतून बोलायची संधी मिळाली, याचा मला फार आनंद आहे. नेवाळकरांच्या काळापासून या गावात मराठी घरं आहेत. समोर बसलेल्यांपैकी काहींच्या तर सात पिढ्या इथे गेल्या असतील. पण या गावाची आणखी एक ओळख आहे, ती म्हणजे मेजर ध्यानचंद. ज्या गावाने असा खेळाडू घडताना पाहिला, त्या गावात आजचा विषय बोलायला हवा असं मला वाटलं. विषय आहे प्रसिद्धी आणि व्यसन.

मी व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात समुपदेशक म्हणून काम करते. आमच्याकडे येणाऱ्या पालकांच्या तोंडून एक वाक्य मी फार वेळा ऐकते. मुलाकडे बोट दाखवून ते म्हणतात, "बघा, सचिन कुठे गेला आणि कांबळी कुठे राहिला!" गेली पंचवीस-तीस वर्षं ही गोष्ट घराघरात सांगितली जाते. दोन मित्र, एकच गुरू, एकच मैदान. एक शिस्तीने वर गेला, दुसरा वाया गेला. तात्पर्य: शिस्त पाळा.

आज मला याच गोष्टीबद्दल बोलायचं आहे. माझ्या मते ती अर्धवट आहे, आणि अर्धवट असल्यामुळे ती नुकसान करते.

आधी काय घडलं ते नीट पाहू. विनोद कांबळी यांचा जन्म १९७२ चा. मुंबईत कांजूरमार्गच्या चाळीत ते वाढले. वडील मेकॅनिक होते आणि स्वतः क्लब क्रिकेट खेळायचे. शारदाश्रम शाळा, शिवाजी पार्क आणि रमाकांत आचरेकर सर. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अखंड भागीदारी झाली. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. कांबळी तेव्हा सोळा वर्षांचे होते. त्या दिवसापासून त्यांचं नाव वर्तमानपत्रात होतं.

पुढे १९९३ मध्ये कसोटी पदार्पण. वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध २२४. लगेच पुढच्या कसोटीत दिल्लीला झिम्बाब्वेविरुद्ध २२७. मग श्रीलंकेत आणखी दोन शतकं. पहिल्या सात कसोटींत ७९३ धावा! हजार कसोटी धावा त्यांनी चौदा डावांत पूर्ण केल्या. आणि शेवटची कसोटी? नोव्हेंबर १९९५, कटक. वय तेवीस. एकूण १७ कसोटी, १०८४ धावा, सरासरी ५४.२०. वय सोडून हे आकडे कुणाला दाखवले, तर त्याला वाटेल की हा माणूस पुढे दहा वर्षं खेळला असेल.

१३ मार्च १९९६ ची रात्र आठवा. ईडन गार्डन्स, विश्वचषकाचा उपांत्य सामना. भारताचे आठ गडी १२० धावांत बाद झाले, प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, जाळपोळ केली आणि सामना श्रीलंकेला बहाल झाला. कांबळी रडत मैदानाबाहेर आले. ते रडणं सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं, आणि नंतर कितीतरी लोकांनी त्याची चेष्टाही केली. चोवीस वर्षांचा मुलगा रडतो आहे आणि आपण हसतो आहोत, यात आपल्याला काही गैर वाटलं नाही.

नंतरच्या गोष्टी तुम्ही वाचल्या असतील. एकदिवसीय संघात येणं-जाणं चालू राहिलं, शेवटचा सामना २००० मध्ये. २०१३ मध्ये गाडी चालवताना हृदयविकाराचा झटका. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी स्वतः सांगितलं की क्रिकेट मंडळाचं तीस हजारांचं निवृत्तिवेतन हेच आपलं उत्पन्न आहे आणि आपल्याला काम हवं आहे. मग ३ डिसेंबर २०२४ ला शिवाजी पार्कवर आचरेकर सरांच्या स्मारकाचं अनावरण झालं. त्या समारंभातला सचिन आणि विनोद यांच्या भेटीचा व्हिडिओ तुमच्यातल्या बहुतेकांच्या फोनवर येऊन गेला असेल. त्याच महिन्यात ते भिवंडीजवळच्या रुग्णालयात दाखल झाले. घरी जाताना त्यांनी लोकांना दारूपासून दूर राहायला सांगितलं. आपण उपचार केंद्रात जायला तयार आहोत, हेही त्यांनी मुलाखतीत सांगितलं होतं.

त्यांच्या शरीरात किंवा मनात नेमकं काय चाललं आहे, हे सांगायचा मला अधिकार नाही. मी त्यांची समुपदेशक नाही. मला बोलायचं आहे ते आपल्याबद्दल, ही गोष्ट सांगणाऱ्यांबद्दल.

पहिली अडचण अशी की आपण या गोष्टीत आजाराला 'स्वभाव' म्हणतो. दारूचं अवलंबित्व हा आजार आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत तो आहे. रोज दारू प्यायल्यावर मेंदू त्या दारूला धरून स्वतःचं काम जुळवून घेतो. मग तेवढीच दारू पुरत नाही, प्रमाण वाढतं. आणि दारू थांबली की जुळवून घेतलेला मेंदू बेफाम होतो. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते, कुणाला फिट येते, कुणाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास होऊ लागतात. यात जीवही जाऊ शकतो. म्हणून रोज भरपूर पिणाऱ्याला घरात कोंडून "आजपासून बंद" असं कधीही करू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवा. आजच्या भाषणातलं बाकी काही विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

दुसरी अडचण प्रसिद्धीची. सोळाव्या वर्षी मुलाला कळतं की आपण धावा केल्या की लोक प्रेम करतात. हळूहळू त्याच्या मनात 'मी' आणि 'माझ्या धावा' यांतला फरक पुसला जातो. आणि खेळाडूचं आयुष्य उलटं असतं. बँकेतला माणूस साठाव्या वर्षी निवृत्त होतो, तोवर मुलं मोठी झालेली असतात, मनाची तयारी झालेली असते. खेळाडू तिशीत, कधी पंचविशीत रिकामा होतो. टाळ्या एका दिवसात थांबतात, पण टाळ्यांची सवय थांबत नाही. ती पोकळी भरायला सर्वात जवळ, सर्वात स्वस्त आणि सर्वात लवकर काय मिळतं, हे मी सांगायला नको. वर प्रसिद्ध माणसाला प्यायला देणारे हात भरपूर असतात. त्याच्यासोबत एक फोटो हवा असतो, एक संध्याकाळ हवी असते. "आज नको, घरी चल" म्हणणारा हात एखादाच.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत बेसबॉलचं वेड आपल्या क्रिकेटसारखंच. तिथे मिकी मँटल नावाचा खेळाडू होऊन गेला. न्यूयॉर्क यँकीज संघाचा लाडका, कारकिर्दीत ५३६ होमरन. त्याच्या घराण्यातले पुरुष कर्करोगाने तरुणपणीच जायचे. वडीलही तसेच गेले, तेव्हा मँटल विशीत होता. आपणही लवकरच जाणार, असं त्याने धरूनच ठेवलं आणि तो पीत राहिला. चाळीसहून अधिक वर्षं! लोकांना त्याच्या पिण्याच्या गोष्टी गमतीच्या वाटायच्या. १९९४ मध्ये तो उपचार केंद्रात गेला आणि दारू सुटली. पण यकृत संपलं होतं. जून १९९५ मध्ये यकृत बदललं आणि ऑगस्टमध्ये वयाच्या ६३ व्या वर्षी तो गेला. जाण्याआधी पत्रकारांसमोर बसून त्याने मुलांना सांगितलं की माझ्यासारखे होऊ नका. त्याच्या आधी त्याचा एक मुलगा त्याच केंद्रात उपचार घेऊन आला होता. वडिलांना वाट मुलाने दाखवली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

दुसरा खेळाडू जॉश हॅमिल्टन. १९९९ मध्ये देशभरातल्या नवोदितांमधून पहिला निवडलेला. मग अमली पदार्थ, बंदी, खेळ बंद. काही वर्षांनी तो परत आला आणि २०१० मध्ये आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तो परत कसा आला? एकट्याच्या मनोबलावर नाही. संघाने एक प्रशिक्षक त्याच्या सोबतीला ठेवला. तो खिशात पैसे ठेवत नसे. नियमित तपासणी होत असे. आणि २०१० मध्ये संघ मालिका जिंकला तेव्हा सहकाऱ्यांनी ठरवलं की शॅम्पेन उडवायची नाही, आधी जिंजर एल उडवायचं. का? तर हॅमिल्टनला ड्रेसिंग रूमच्या बाहेर उभं राहायला लागू नये म्हणून. एका माणसासाठी पंचवीस जणांनी बाटली बदलली.

पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. हॅमिल्टन नंतरही घसरला, एकदा नव्हे, अनेकदा. या आजारात हे होतं. मधुमेह असलेल्याची साखर वाढली तर आपण "झालं, याचं काही खरं नाही" म्हणत नाही, औषध तपासतो. व्यसनी माणूस पुन्हा प्यायला की मात्र आपण दार लावून घेतो.

आता तुमच्या गावाकडे येते. ध्यानचंदांची गोष्ट व्यसनाची नाही, हे आधीच स्पष्ट सांगते. पण टाळ्या थांबल्यावर समाज काय करतो, हे त्यांच्या गोष्टीतून दिसतं. १९२८, १९३२ आणि १९३६ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं. १५ ऑगस्ट १९३६ ला बर्लिनमध्ये जर्मनीला ८-१ ने हरवलं. आणि शेवट? ३ डिसेंबर १९७९ ला दिल्लीच्या एम्समध्ये, यकृताच्या कर्करोगाने, जनरल वॉर्डात. अंत्यसंस्कार मात्र इथे, झाशी हीरोजच्या मैदानावर झाले. आज त्यांच्या जन्मदिनी राष्ट्रीय क्रीडा दिन असतो, गावात टेकडीवर पुतळा आहे. आपण पुतळे चांगले उभारतो. माणूस जिवंत असताना "कसं चाललंय?" असं विचारणं आपल्याला जमत नाही. आता गंमत बघा, आचरेकर सरांचा जन्मही ३ डिसेंबरचाच. म्हणजे त्या स्मारकाच्या दिवशी शिवाजी पार्क एका गुरूची आठवण काढत होतं, आणि तोच ध्यानचंदांचा स्मृतिदिन होता.

मग करायचं काय? चार गोष्टी सांगते.

एक. मुलाला खेळाबाहेर एक आयुष्य द्या. सकाळी मैदानावर जाणाऱ्या मुलाला घरी आल्यावर "किती केल्यास?" हा पहिला प्रश्न नको. "जेवलास का?" चालेल. तो शून्यावर बाद झाला त्या दिवशीही ताटात तेच वाढलं जातं, हे त्याला दिसलं पाहिजे.

दोन. पहिल्या खुणेला बोला. चोरून पिणं, एकट्याने पिणं, सकाळी पिणं, खोटं बोलणं. आपल्याकडे बायको ऑफिसात फोन करून सांगते, "त्यांना ताप आहे." आई शेजाऱ्यांपासून लपवते. हे प्रेमापोटीच होतं. पण झाकलेल्या वर्षांत आजार वाढत राहतो. बोलताना प्यायलेल्या माणसाशी रात्री वाद घालू नका. सकाळी, शुद्धीत असताना, शांतपणे बोला.

तीन. उपचाराला न्या. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि ५ कोटी ७० लाखांना दारूमुळे मदतीची गरज आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काहीतरी उपचार मिळतो. बाकीचे ३७ कुठे आहेत? घरात, आणि घरचे लाजेने गप्प आहेत. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे पाठीशी उभे राहिले. तिथून हजारो माणसं बरी होऊन संसाराला लागली. हा आजार बरा ठेवता येतो, हे तिथे रोज दिसतं.

चार. घरातली बाटली बदला. एक माणूस सोडायचा प्रयत्न करत असेल, तर लग्नात, वाढदिवसाला, मॅच जिंकल्यावर बाकीच्यांनी त्या संध्याकाळपुरतं सरबत प्यायला काय हरकत आहे? "एकाने काय होतं" हे वाक्य त्याच्यासमोर कुणी म्हणायचं नाही, एवढं जरी पाळलं तरी खूप झालं.

आता ती दोन मित्रांची गोष्ट. मुलांना ती जरूर सांगा, पण पूर्ण सांगा. सांगा की दोघांनी मिळून ६६४ केल्या. दोघांना तीच प्रसिद्धी मिळाली, पण प्रसिद्धी पेलायला लागणारं बळ, माणसं आणि नशीब सगळ्यांना सारखं मिळत नाही. आणि सांगा की तू कधी घसरलास तर लपवू नकोस, आधी आम्हाला सांग. "कांबळी होशील" अशी धमकी ऐकत वाढलेला मुलगा अडचणीत आला की सर्वात आधी आईबापांपासून लपतो. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं अशीच दोन-तीन वर्षं उशिरा येतात.

जाता जाता दोन क्रमांक लिहून घ्या. व्यसनमुक्तीसाठी सरकारची मोफत हेल्पलाइन १४४४६. मानसिक आरोग्यासाठी टेली मानस, १४४१६. स्वतःसाठी नसेल तर ज्याचं नाव आत्ता तुमच्या मनात आलं आहे, त्याच्यासाठी लिहा. आणि उद्या सकाळी त्याला एक फोन करा. सल्ला देऊ नका, कसा आहेस एवढंच विचारा.